दादा बसला की गाडी गप्प

दादाचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीला आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये होतो. मोटार मेकॅनिकच्या पोरांकडून एक जुना गिअरबॉक्स उघडून घेत होतो आणि हात कोपरापर्यंत ग्रीसने भरले होते. एका पोराने फोन माझ्या कानाला लावून धरला.

"गाडी चालूच होऊन न्हाई राहिली," दादा म्हणाला. "चावी फिरवतो तर टक् बी करत न्हाई."

गाडी म्हणजे गवत कापायची गाडी. माझा मोठा भाऊ सेनगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात माळी होता. गोरेगावहून थोडं पुढे गेलं की रस्त्याच्या डाव्या हाताला ते कॉलेज लागतं. मागे मोठं मैदान, कडेने कडुनिंब. वीस-बावीस वर्षं दादाने ते मैदान विळ्याने कापलं. पावसाळ्यात उकिडवं बसून एका टोकाकडून सुरुवात करायची आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं गवत पुन्हा गुडघ्याला लागलेलं असायचं. मग संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात आलं की आपल्या मैदानावर तालुक्याच्या क्रिकेट स्पर्धा व्हाव्यात. पुण्याकडे कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं होतं, तिथून त्यांनी ही वापरलेली गाडी उचलून आणली. लहान ट्रॅक्टरसारखी, लाल रंगाची. वर बसायला सीट, हातात स्टिअरिंग, पोटाखाली फिरणारी पाती.

ती टेम्पोतून उतरवली त्या दिवशी मीच गेलो होतो दादाला शिकवायला. अर्धं गाव बघायला आलं होतं. दादा पन्नाशीच्या पुढचा, सायकलशिवाय त्याने आयुष्यात काही चालवलं नव्हतं. तासाभरात तो शिकला. ब्रेक पूर्ण दाबायचा, पात्यांची दांडी खाली आहे ना ते बघायचं, मग चावी. दुसऱ्या दिवसापासून तो सीटवर धुतलेला टॉवेल अंथरून बसायला लागला. मी त्याला विचारलं, "टॉवेल काहून?" तर म्हणाला, "बावीस वर्सं मातीत बसलो. आता बसायला जागा भेटली तर नीट बसू की."

दोन वर्षं गाडी बिनतक्रार चालली. म्हणून मला फोनवर वाटलं, बॅटरी असेल. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सेनगावपर्यंत एसटी आणि पुढे जीप करून मी कॉलेजवर पोचलो.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं मीठ साचलं होतं. खाण्याचा सोडा टाकून गरम पाण्याने ते धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, नट आवळले. मीटर लावलं तर बॅटरी भरलेली. फ्यूज काढून उजेडात धरला, तार शाबूत होती. मग सीटवर बसलो, ब्रेक दाबला, चावी फिरवली. सेल्फ लागला आणि पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं.

"एवढंच व्हतं?" दादा म्हणाला.

"एवढंच. दर महिन्याला टर्मिनल पुसत जा."

वहिनीने केलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि दुपारच्या जीपने परत आलो. मंगळवारी पुन्हा फोन. चावी फिरवतो, काहीच आवाज नाही.

पुढच्या रविवारी गेलो. गाडी शेडमध्ये उभी होती. मी बसलो, चावी फिरवली, चालू झाली. बंद करून पुन्हा फिरवली, पुन्हा चालू. पाच वेळा केलं. पाचही वेळा चालू झाली. उतरलो आणि दादाला म्हटलं, "बस, तूच कर."

तो टॉवेल टाकून बसला. ब्रेक दाबला. चावी फिरवली. काही नाही.

"ब्रेक पूरा दाब."

"दाबलाय की."

"दोनी पायांनी दाब."

त्याने दोन्ही पायांनी दाबला. दात आवळले, मानेच्या शिरा ताणल्या. चावी फिरवली. काही नाही. मी त्याला उतरवून बसलो. चालू.

मला राग आला. मी पंचवीस वर्षं हा विषय शिकवतोय, आणि मशीन कधीच लहरीने वागत नाही हे माझं वर्गातलं ठरलेलं वाक्य आहे. शेडच्या दारात कॉलेजचे दोन शिपाई आणि प्रयोगशाळेतला परिचर उभे होते. त्यांच्यासमोर मी दादाला बोललो. म्हटलं, तुझं लक्ष नसतं, अर्धा ब्रेक दाबतोस, घाई करतोस. मशीन काय माणूस ओळखते का?

त्याने टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर मला आयटीआयला घालायला हिंगोलीला तोच घेऊन आला होता, आणि फॉर्मवर पालक म्हणून सहीही त्याचीच आहे. त्याला मी चार माणसांत बोललो.

त्यानंतर त्यांनी आपली एक तोड काढली. परिचर चांगला जाडजूड गडी होता. तो येऊन बसायचा, गाडी चालू करून द्यायचा आणि ब्रेक अडकवून उतरायचा. मग दादा चढायचा. पण दादाने ब्रेक सोडला रे सोडला की इंजिन फुर्र करून बंद पडायचं. दादा फोनवर म्हणाला, "माह्यावर रुसली वाटतं." आणि हसला. मला ते हसणं आवडलं नाही, कारण मला उत्तर सापडत नव्हतं.

चालू होऊन बंद पडते म्हणजे पेट्रोल, असं मी धरलं. सप्टेंबरात एक अख्खा रविवार त्यात घालवला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून त्याचं बारीक भोक तारेने साफ केलं, प्लग नवा टाकला. दादा माझ्या बाजूला बादलीवर बसून मी मागीन ते हत्यार देत होता. पाना दे म्हटलं की पाना, स्क्रू-ड्रायव्हर दे म्हटलं की स्क्रू-ड्रायव्हर. मधेच मी हात पुढे केला आणि हातात काही आलं नाही. वळून बघितलं तर तो भिंतीला डोकं टेकून झोपला होता. बसल्या बसल्या, भर दुपारी. मला वाटलं, ऊन आहे, दमला असेल.

त्या दिवशी जेवताना वहिनी म्हणाली, "भावजी, ह्यांचं जेवन लई कमी झालंय. अर्धी भाकर बी जाईना. घास अडकतो म्हनतात."

"दवाखान्यात दाखवलं का?"

"दाखवलं की. पित्त हाय म्हनले. गोळ्या देल्या."

"मंग घे ना गोळ्या नियमित," मी दादाला म्हटलं.

"घेऊन राहिलो," तो म्हणाला. त्याने भाकरी वरणात कुस्करली होती आणि तिचा पातळ लगदा करून पीत होता. मी हे बघितलं. आज मी ते ताट जसंच्या तसं सांगू शकतो, काठाला लागलेल्या कोथिंबिरीच्या पानासकट. म्हणजे मी नीट बघितलं होतं. पण माझ्या डोक्यात कार्बोरेटर होता.

दसऱ्याच्या सुट्टीत मी चौथ्यांदा गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो की आज शोधल्याशिवाय परतायचं नाही. सुरुवातीपासून एकेक वायर धरत निघालो. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, ब्रेकखालचा स्विच, पात्यांच्या दांडीचा स्विच. सगळे बराबर. शेवटी सीट उचलली. सीटच्या खाली दोन जाड स्प्रिंगा होत्या आणि मधे पांढऱ्या प्लास्टिकचा एक लहान स्विच. मला लगेच कळलं. अशा गाड्यांत ही एक सोय असते. सीटवर माणूस बसला की त्याच्या वजनाने सीट खाली दबते, स्विच जुळतो आणि मगच गाडी चालू होते. ब्रेक सुटलेला असताना चालवणारा खाली पडला तर सीट वर उचलली जाते आणि इंजिन आपोआप बंद होतं, म्हणजे फिरती पाती कोणाच्या अंगावर जाऊ नयेत.

मी त्या स्विचला मीटरच्या दोन पिना लावल्या. हे मीटर जोडणी झाली की बारीक शिट्टीसारखा आवाज करतं. मी सीटवर बसलो. मीटर वाजलं. उठलो, आवाज थांबला.

"आता तू बस."

दादा बसला. मीटर गप्प.

"मागं सरकून बस. दाबून."

तो मागे सरकला. दोन्ही हातांनी सीटच्या कडा धरून त्याने स्वतःला खाली दाबलं. तेव्हा मीटर एकदा वाजलं. हात सोडले की पुन्हा गप्प.

आम्ही तो खेळ आठ-दहा वेळा केला. मी बसलो की वाजायचं, दादा बसला की गप्प. परिचरही येऊन बसून गेला, वाजलं. शिपाई बसला, वाजलं. सगळे हसत होते, दादाही. शिपाई म्हणाला, "बुवा, गाडी तुमाला मानूसच धरंना की."

मी म्हटलं, "स्प्रिंग कडक झाली. गंज चढला असंल पावसात."

आणि हत्यारांच्या पेटीतून वायरचा एक तुकडा घेऊन स्विचकडे जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. वर काळी टेप गुंडाळली. आता सीटवर कोणी असो नसो, गाडीला वाटत राहणार की माणूस बसलेला आहे. दादा बसला, चावी फिरवली, गाडी धडधडत चालू झाली. त्याने ब्रेक सोडला. बंद पडली नाही. तो शेडमधून बाहेर निघाला, मैदानाला एक मोठी फेरी मारून आला आणि लांबूनच हात वर केला.

मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. परत येताना जीपमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही मी तो किस्सा सांगितला.

स्प्रिंग जुनी झाली की सैल पडते. कडक होत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो, दरवर्षी, फळ्यावर आकृती काढून. दोन वर्षं त्याच सीटवर तोच माणूस बसत होता आणि स्विच जुळत होता. सीट बदलली नव्हती. मग काय बदललं होतं, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही. दोष सापडला, वायर जोडली, गाडी चालू झाली. मेकॅनिकचं काम तिथे संपतं.

नोव्हेंबरात कॉलेजचे खेळ होते. दादाला मैदान तयार करायचं होतं. त्या सकाळी काय झालं ते मला परिचराने सांगितलं. मैदानाच्या वरच्या अंगाला मुली खो-खोच्या रेघा आखत होत्या आणि दादा खालच्या अंगाने कापत येत होता. वळणावर तो एका बाजूला कलला आणि हळूच सरकून खाली पडला. भोवळ आली होती. नशीब एवढंच की तो मागच्या चाकाच्या बाहेर पडला.

गाडी थांबली नाही. सीट रिकामी, स्टिअरिंग थोडं वळलेलं, पाती चालू, आणि ती तशीच मुलींच्या दिशेने निघाली. परिचर ओरडला. मुली चुन्याच्या फक्कीची घमेली टाकून पळाल्या. पुढे पाण्याची नाली होती, तिच्यात गाडीचं पुढचं एक चाक गेलं आणि ती तिरकी होऊन अडकली. तरी इंजिन चालूच होतं. फिरत्या पात्यांजवळ जाऊन चावीला हात घालायची कोणाची, अगदी परिचराचीही, हिंमत झाली नाही. गाडी तशा तिरक्या अंगाने किती तरी वेळ गुरगुरत राहिली. तेल सगळं एका बाजूला गेलं आणि इंजिन कोरडं फिरत फिरत एकदाचं करकचून जाम झालं. मग शांतता झाली आणि लोक दादाकडे धावले.

मला फोन आला तेव्हा पहिल्यांदा ते वायरचं वेटोळं डोळ्यासमोर आलं. दादा कसा आहे हे विचारायच्या आधी मी विचारलं, "पोरींना लागलं का?"

"न्हाई लागलं," परिचर म्हणाला. "पर तुमी या. बुवा काही बराबर दिसून न्हाई राहिले."

मी दादाला आणि वहिनीला घेऊन थेट नांदेडला गेलो. वाटेत वारंगा फाट्यावर जीप थांबवून त्याला चहा पाजायचा प्रयत्न केला. दोन घोट गेले, तिसरा नाकातून बाहेर आला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "गाडीचं काय झालं?"

"बघू नंतर."

"नालीतून काढली का? पानी शिरंल तिच्यात."

दवाखान्यात तपासायच्या आधी नर्सने त्याला वजनकाट्यावर उभं केलं. जुना काटा होता, पाय ठेवायचा आणि काचेखाली आकडे फिरायचे. आकडे फिरले आणि एक्केचाळीसवर थांबले. नर्सने ते कागदावर लिहिलं आणि सहज विचारलं, "आधी किती होतं?"

वहिनी म्हणाली, "कॉलेजात तपासनीचं शिबीर झालं व्हतं, तवा बासष्ट व्हतं."

मी त्या काट्याशेजारी उभा होतो. दादा काट्यावरून उतरला, चपला शोधत होता. मला शेड दिसली, उचललेली सीट दिसली, आणि सीटच्या कडा धरून स्वतःला खाली दाबणारे त्याचे हात दिसले. मी बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथे नळ होता. उगाच हात धुतले.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. डॉक्टर तरुण होते, त्यांनी मला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. रस्ता जवळजवळ बुजला होता आणि गाठ यकृतापर्यंत गेली होती. मी विचारलं, "तीन महिने आधी आणलं असतं तर?"

त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "आता ते विचारू नका." मला वाटलं होतं ते म्हणतील, तेव्हाही काही उपयोग झाला नसता. ते त्यांनी म्हटलं नाही.

पोटात एक नळी बसवून दिली, तिच्यातून पातळ खाणं द्यायचं. पंधरा दिवसांनी आम्ही त्याला गावी आणलं. समोरच्या खोलीत दाराजवळ त्याची बाज टाकली. तिथून त्याला कॉलेजकडे जाणारा रस्ता दिसायचा. मी दर शनिवारी दुपारी निघायचो आणि सोमवारी पहाटेच्या जीपने परतायचो.

पहिल्याच रविवारी तो म्हणाला, "गाडी बघून ये."

"राहू दे आता."

"न्हाई, बघून ये. ती बंद पडून राहिली तर मंग कोनी हात लावत न्हाई. सडून जाईल."

मी गेलो. त्याच्याजवळ बसून राहण्यापेक्षा शेडमध्ये बरं वाटायचं, हेही खरं. गाडी त्यांनी ओढून आणून ठेवली होती, अंगावर नालीचा चिखल वाळलेला. मी प्लग काढला, त्या भोकातून सिलिंडरमध्ये ऑईल ओतलं आणि आठवडाभर मुरू दिलं. पुढच्या रविवारी वरच्या चक्राच्या नटला मोठा पाना लावून हलवायचा प्रयत्न केला. हललं नाही. रॉकेल आणि ऑईल मिसळून ओतलं. तिसऱ्या रविवारी पाना लावून लोंबकळलो, आणि चक्र बोटभर हललं. मी तसाच घरी जाऊन दादाला सांगितलं. त्याला बोलायला त्रास व्हायचा. त्याने फक्त बोटाने विचारलं, किती? मी अंगठा आणि बोट यांच्यात तेवढं अंतर करून दाखवलं. त्याने मान हलवली.

चौथ्या रविवारी चक्र पूर्ण फिरलं. सेल्फ लावला, तर इंजिन फिरलं. मला वाटलं, झालं. पण त्या फिरण्यात दम नव्हता. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून बघितलं. चांगल्या इंजिनाची हवा अंगठा उडवून लावते. इथे नुसता कोमट श्वास आल्यासारखा वाटला. आतल्या भिंतीला चरे पडले होते, हवा दाबलीच जात नव्हती. मी पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहिलो. बॅटरी उतरेपर्यंत फिरवली. त्याचा काही उपयोग नाही हे पहिल्या वेळेलाच कळलं होतं.

पिस्टन, रिंगा, सिलिंडर, सगळं नवं लागणार होतं. हिंगोली, नांदेड, संभाजीनगर, पुणे, सगळीकडे फोन केले. ते मॉडेल कधीच बंद झालं होतं. एका दुकानदाराने तर गाडी आहे कुठे असं विचारलं आणि मी तालुका सांगितल्यावर म्हणाला, "साहेब, तिथे ही गाडी गेली कशी?"

दादाला मी सांगितलं, पार्ट मागवलाय. पुढच्या रविवारी सांगितलं, निघालाय. त्यानंतर सांगितलं, पुण्यात आलाय. तो ऐकून घ्यायचा. एकदा त्याने मला जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. त्याचा आवाज म्हणजे नुसती हवा उरली होती.

"सीटचं वायर," तो म्हणाला, "पहिल्यासारखं कर."

मला वाटलं मला ऐकू आलं नाही.

"दुसरा कोनी बसंल त्याच्यावर. त्याला लागाया नको."

वायर मी जोडलेली होती हे त्याला माहीत होतंच, जोडताना तो शेजारीच उभा होता. पण त्याने एका शब्दाने मला कधी विचारलं नव्हतं, काहून जोडलीस म्हणून. मी त्याच दिवशी शेडमध्ये गेलो, टेप सोडवली, तुकडा कापून टाकला आणि स्विच मूळ जागी जोडला. जी गाडी कधीच चालू होणार नव्हती तिच्या सीटखाली. मीटर लावून तपासलंही. घरी येऊन सांगितलं, "केलं." त्याने डोळे मिटले.

फेब्रुवारीच्या शेवटी तो गेला. सकाळी दहाच्या सुमाराला, वहिनी त्याच्या नळीत ताक घालत असताना. कॉलेजचे लोक आले होते, खो-खोच्या मुलीही आल्या होत्या, भिंतीला लागून रांगेत उभ्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात प्राचार्य चार शब्द बोलले. म्हणाले, मैदान त्यांच्या हाताने वाढलं. ते खरं तर मैदान कापलं असं म्हणणार होते, पण चुकून वाढलं म्हणाले, आणि कोणी दुरुस्त केलं नाही.

उन्हाळ्यात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. गाडी भंगारात काढायची होती आणि त्यासाठी जाणकार माणसाचा दाखला लागतो. मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, सदर यंत्र दुरुस्तीयोग्य नाही. कारण म्हणून काय लिहावं यावर बराच वेळ अडलो. शेवटी लिहिलं, तेलाअभावी इंजिन निकामी. सही केली. खाली शिक्का मारला. आता तिथे एक ठेकेदार येतो, पाठीला मशीन बांधलेली चार माणसं लावतो आणि दोन दिवसांत मैदान कापून जातो.

दाखला देऊन मी वहिनीकडे गेलो. ती ओसरीवर हरभरा निवडत होती. मी बसलो. तिने पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग सुपातली नजर वर न करता तिने विचारलं, "भावजी, तुमाला तवाच कळलं न्हवतं का? ते मीटर वाजत न्हवतं तवा?"

तिला हे कोणी सांगितलं मला माहीत नाही. बहुतेक दादानेच, गंमत म्हणून, त्याच दिवशी घरी आल्यावर.

"न्हाई," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. सुपातले खडे वेचून अंगणात टाकले. "मला कळलं व्हतं," ती म्हणाली. "शर्टाच्या गुंड्या मी दोनदा आत घेतल्या. पर मला वाटलं, तुमी शिकलेले, तुमी बघून राहिलेत, म्हंजे काही नसंल."

मी पाणी संपवलं. जीपची वेळ झाली होती. ती दारापर्यंत आली आणि पुढच्या रविवारी येता का म्हणून विचारलं. येतो म्हटलं. त्यानंतरचे दोन रविवार मी गेलो नाही.